पदवीनंतर सरकारी नोकरी : जाहिरात कुठे शोधायची, पात्रता कशी तपासायची आणि किती वर्षे द्यायची

सरकारी नोकरी मिळवण्यासाठी एकच परीक्षा किंवा एकच खिडकी नसते. केंद्र सरकार, राज्य सरकार, बँका, रेल्वे, जिल्हा परिषदा, महापालिका आणि सार्वजनिक उपक्रम आपापल्या पद्धतीने भरती करतात. त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो. आपण नेमक्या कोणत्या पदांसाठी पात्र आहोत आणि त्या पदांची जाहिरात कोण काढते, हे त्याला आधी कळावे लागते. ते कळले नाही की हातातल्या संधी निघून जातात, किंवा एकाच परीक्षेमागे वयाची सात-आठ वर्षे जातात.

या लेखात महाराष्ट्रातील पदवीधर आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी भरतीचे मुख्य मार्ग, अर्जातील नेहमीच्या चुका, कागदपत्रे, फसवणुकीचे प्रकार आणि वेळेचे नियोजन यांची माहिती दिली आहे. वयोमर्यादा, शुल्क आणि परीक्षेचे स्वरूप मधूनमधून बदलते. त्यामुळे प्रत्यक्ष अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरातच अंतिम मानावी.

भरती कोण करते?

१. केंद्रीय लोकसेवा आयोग (यूपीएससी)

राज्यघटनेच्या कलम ३१५ नुसार केंद्रासाठी आणि राज्यांसाठी लोकसेवा आयोग असतात. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा सर्वांत जास्त चर्चेत असते. आयएएस, आयपीएस, आयएफएस आणि महसूल, लेखा, रेल्वे यांसारख्या सेवांसाठी ती घेतली जाते. कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गासाठी वय २१ ते ३२ आणि सहा प्रयत्न, ओबीसींसाठी ३५ वर्षांपर्यंत नऊ प्रयत्न, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ३७ वर्षांपर्यंत प्रयत्नांची मर्यादा नाही.

पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. मात्र मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात, मुलाखत मराठीत देता येते आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची असते.

यूपीएससी म्हणजे फक्त ही एक परीक्षा नव्हे. सैन्यदलातील अधिकारीपदासाठी सीडीएस, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील असिस्टंट कमांडंटसाठी सीएपीएफ आणि अभियंत्यांसाठी अभियांत्रिकी सेवा परीक्षाही हाच आयोग घेतो.

२. महाराष्ट्र लोकसेवा आयोग (एमपीएससी)

राज्य सरकारची गट-अ आणि गट-ब ची पदे, तसेच गट-क ची काही पदे एमपीएससी भरते. पदवीधरांसाठी तीन मोठे प्रवाह आहेत.

• राजपत्रित नागरी सेवा : उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, गटविकास अधिकारी यांसारखी पदे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. मराठी आणि इंग्रजीचे पेपर फक्त पात्रतेपुरते. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून १७५० गुण आणि मुलाखत २७५ गुणांची. हा आराखडा यूपीएससीशी मिळताजुळता असल्याने दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.
• गट-ब (अराजपत्रित) : सहायक कक्ष अधिकारी, राज्यकर निरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक, दुय्यम निबंधक.
• गट-क : लिपिक-टंकलेखक, कर सहायक, उद्योग निरीक्षक, राज्य उत्पादन शुल्क विभागातील दुय्यम निरीक्षक इत्यादी.

बहुतेक पदांसाठी कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. पोलीस उपनिरीक्षकपदाची मर्यादा मात्र कमी आहे आणि त्यासाठी शारीरिक चाचणीही असते. या पदासाठी पुरुषांची उंची किमान १६५ सेंटीमीटर आणि महिलांची १५७ सेंटीमीटर लागते. उंची कमी असेल तर लेखी परीक्षेतले गुण कामाला येत नाहीत. म्हणून ही अट अभ्यास सुरू करण्याआधी पाहायची असते.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र लागते. ते नसल्याने दर भरतीत अनेक पदवीधर बाहेर राहतात. कॉलेजमध्ये असतानाच सहा महिन्यांचा टायपिंगचा कोर्स करून शासनमान्य परीक्षा दिली, तर हा अडथळा कायमचा दूर होतो.

३. कर्मचारी निवड आयोग (एसएससी)

दहावीच्या बोर्डाशी या एसएससीचा संबंध नाही. केंद्र सरकारच्या मंत्रालयांतील आणि खात्यांतील गट-ब व गट-क ची पदे हा आयोग भरतो. पदवीधरांसाठीची परीक्षा म्हणजे सीजीएल. आयकर निरीक्षक, सीमाशुल्क व जीएसटी विभागातील निरीक्षक, ऑडिटर, सहायक विभाग अधिकारी, कर सहायक ही पदे तिच्यातून भरली जातात. बारावी झालेल्यांसाठी सीएचएसएल असते आणि ती पदवीचे शिक्षण सुरू असतानाही देता येते. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी आयोगाचे पश्चिम विभागीय कार्यालय मुंबईत आहे.

सीजीएलकडे मराठी मुलांचे दुर्लक्ष होते. त्याचे एक कारण म्हणजे प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते आणि इंग्रजीचा स्वतंत्र भाग असतो. पण या परीक्षेत वैकल्पिक विषय, निबंध आणि मुलाखत नाही. गणित आणि इंग्रजी बरे असलेल्यांना ती राज्यसेवेपेक्षा कमी वेळात जमू शकते.

४. बँका

बहुतांश सरकारी बँकांसाठी आयबीपीएस ही संस्था प्रोबेशनरी ऑफिसर आणि लिपिक यांच्या सामायिक परीक्षा घेते. स्टेट बँक आणि रिझर्व्ह बँक आपल्या परीक्षा वेगळ्या घेतात. ग्रामीण बँकांची परीक्षाही आयबीपीएसकडेच, पण वेगळी असते. प्रोबेशनरी ऑफिसरसाठी वय २० ते ३० आणि लिपिकासाठी २० ते २८, शिवाय प्रवर्गानुसार सवलत.

लिपिकाच्या भरतीत उमेदवार एकाच राज्यासाठी अर्ज करतो आणि त्या राज्याची भाषा त्याला यावी लागते. महाराष्ट्रातील जागांसाठी मराठी वाचता, लिहिता, बोलता येणे ही अट आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी ही जमेची बाजू आहे.

बँकांच्या परीक्षांचे वेळापत्रक बऱ्यापैकी नियमित असते. जाहिरात ते अंतिम निकाल हा प्रवास बहुधा वर्षभरात पूर्ण होतो. ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे लांब थांबता येत नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

५. रेल्वे

रेल्वे भरती मंडळाच्या एनटीपीसी परीक्षेतून पदवीधरांना स्टेशन मास्तर, मालगाडी व्यवस्थापक, वरिष्ठ लिपिक-टंकलेखक अशी पदे मिळतात. परीक्षा मराठीतही देता येते. एका जाहिरातीसाठी एकाच मंडळाकडे अर्ज करता येतो, त्यामुळे मंडळ निवडण्याआधी तिथल्या जागा मोजाव्यात. खुल्या प्रवर्गाच्या ५०० रुपये शुल्कापैकी ४०० रुपये पहिली परीक्षा दिल्यावर परत मिळतात. ते बँक खात्यात जमा होतात, म्हणून अर्जात खाते क्रमांक अचूक हवा.

६. राज्यातील विभाग, जिल्हा परिषदा, महापालिका

एमपीएससीच्या कक्षेबाहेरची पदे संबंधित विभाग स्वतः भरतात. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), वनरक्षक, आरोग्य सेवक, कनिष्ठ अभियंता, पोलीस शिपाई ही त्यांतली ओळखीची नावे. यांतल्या अनेक ऑनलाइन परीक्षा टीसीएस किंवा आयबीपीएस या संस्थांमार्फत घेतल्या जातात. गट-क ची पदे टप्प्याटप्प्याने एमपीएससीकडे देण्याचे शासनाचे धोरण आहे. त्यामुळे एखादे पद मागच्या वेळी कोणी भरले होते यावर विसंबून राहू नये.

७. विशिष्ट पदव्यांसाठीचे मार्ग

• अभियांत्रिकी : एसएससी कनिष्ठ अभियंता, एमपीएससी अभियांत्रिकी सेवा, जलसंपदा आणि सार्वजनिक बांधकाम विभाग, अनेक सार्वजनिक कंपन्या गेटच्या गुणांवर निवड करतात.
• कृषी : एमपीएससीची कृषी सेवा, बँकांमधील कृषी क्षेत्र अधिकारी.
• बी.एड., डी.एड. : टीईटी आणि अभियोग्यता चाचणी, त्यानंतर पवित्र पोर्टल.
• पदव्युत्तर : सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.
• विधी : कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. त्यामुळे नुकतीच पदवी मिळालेल्यांना हा मार्ग लगेच खुला नाही.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला अर्ज करता येतो का?

याचे उत्तर प्रत्येक परीक्षेत वेगळे आहे आणि बहुतेक चुका इथेच होतात.

• यूपीएससी नागरी सेवा आणि एमपीएससीच्या पदवीधर परीक्षा : अंतिम वर्षाला बसलेल्यांना पूर्वपरीक्षा देता येते. मुख्य परीक्षेच्या टप्प्यावर पदवी पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो.
• सीडीएस : अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो, पदवीचा पुरावा नंतर ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावा लागतो.
• एसएससी सीजीएल आणि आयबीपीएस : जाहिरातीत दिलेल्या तारखेला पदवी पूर्ण झालेली असावी लागते.
• रेल्वे : निकालाची वाट पाहणारे उमेदवार पात्र नसतात.

इथे "पदवी पूर्ण" म्हणजे परीक्षा दिली असे नव्हे, तर निकाल जाहीर झाला असा अर्थ होतो. विद्यापीठाचा निकाल एक-दोन महिने लांबला की ठरलेली तारीख हुकते आणि कागदपत्र पडताळणीत निवड रद्द होऊ शकते. एखादा विषय राहिला असेल तर तीच अडचण. म्हणून गुणपत्रिकेवरची निकालाची तारीख आणि जाहिरातीतली पात्रतेची तारीख शेजारी ठेवून पाहावी.

जाहिरात कशी वाचावी?

सरकारी जाहिरात तीस-चाळीस पानांची असते आणि बहुतेक जण तीतले फक्त पद, वय आणि शेवटची तारीख पाहतात. तिच्यातल्या पुढील गोष्टी तपासणे गरजेचे असते.

१. वय मोजण्याची तारीख. ती अर्जाच्या तारखेपेक्षा वेगळी असते. काही परीक्षांत १ ऑगस्ट, काहींत १ जानेवारी, तर काहींत जाहिरातीत दिलेला इतर दिवस.

२. आपल्या प्रवर्गाला आणि जिल्ह्याला प्रत्यक्षात किती जागा आहेत. एकूण जागा हजार असल्या तरी आपल्या वाट्याला शून्य असू शकतात.

३. समांतर आरक्षण. राज्यातील भरतीत महिलांसाठी ३० टक्के, खेळाडूंसाठी ५ टक्के, प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के, भूकंपग्रस्तांसाठी २ टक्के, अनाथांसाठी १ टक्का अशा जागा असतात. धरणात जमीन गेलेल्या अनेक कुटुंबांतील मुलांना आपण प्रकल्पग्रस्त या जागांसाठी पात्र आहोत हे माहीतच नसते. अर्जात हा दावा केला नाही तर नंतर करता येत नाही.

४. पद कायम आहे की कंत्राटी.

५. वेतनस्तर. सातव्या वेतन आयोगानुसार लिपिक-टंकलेखकाची वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२००, ग्राम महसूल अधिकाऱ्याची २५,५०० ते ८१,१००, तर पोलीस उपनिरीक्षक आणि सहायक कक्ष अधिकाऱ्याची ३८,६०० ते १,२२,८०० रुपये आहे. हे मूळ वेतन असते. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता त्यावर मिळतात.

६. शुद्धिपत्रके. जागा, तारखा आणि अटी मूळ जाहिरातीनंतरही बदलतात. त्यामुळे अर्ज केल्यावरही संकेतस्थळ पाहत राहावे लागते.

पेन्शनबाबतही गैरसमज आहेत. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना मूळ जुनी पेन्शन योजना सरसकट लागू नाही. आज नोकरीला लागणाऱ्याने आई-वडिलांच्या काळातील पेन्शन गृहीत धरू नये.

कागदपत्रे : केंद्र आणि राज्य यांतला फरक

निवड झाल्यावर ती कागदपत्रांमुळे हातची जाणे हे सर्वांत क्लेशदायक असते, आणि ते बऱ्याचदा टाळता येण्यासारखे असते.

जातीचा दाखला. महाराष्ट्रात विमुक्त जाती, भटक्या जमाती (ब, क, ड) आणि विशेष मागास प्रवर्ग असे वेगळे गट आहेत. केंद्रात हे गट नाहीत. यातील ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्या उमेदवारांना केंद्राच्या भरतीत ओबीसी म्हणून अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. तहसील कार्यालयातून मिळालेला राज्याच्या नमुन्यातला दाखला एसएससी किंवा बँकेच्या पडताळणीत चालत नाही.

एसईबीसी. मराठा समाजासाठी २०२४ च्या कायद्याने दिलेले १० टक्के आरक्षण राज्याच्या भरतीपुरते आहे. केंद्राच्या भरतीत ते लागू नाही. तिथे निकषांत बसणाऱ्या उमेदवाराला आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा, केंद्रीय नमुन्यातला दाखला काढावा लागतो.

नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस. या दाखल्यांना मुदत असते. अर्जाच्या शेवटच्या तारखेला ते वैध हवेत. निकाल लागल्यावर काढलेला नवा दाखला अनेक भरत्यांत नाकारला जातो. दर एप्रिलमध्ये दाखल्याची मुदत पाहण्याची सवय लावणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

जात वैधता. पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो. विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशावेळी ते घेतले असेल तर जपून ठेवावे.

अधिवास. राज्याच्या भरतीत आरक्षणाच्या लाभासाठी महाराष्ट्राचे डोमिसाइल लागते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषिकांनाही राज्याच्या भरतीत विहित दाखल्यासह अर्ज करता येतो. गोवा सरकारच्या नोकऱ्यांसाठी मात्र तिथल्या रहिवासाची अट असते आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक, तर मराठीचे ज्ञान इष्ट मानले जाते.

नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले, असा घोळ नेहमीचा आहे. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरावे आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्यावे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद तयार ठेवावी.

जाहिराती कुठे मिळतात?

खात्रीचा स्रोत एकच, तो म्हणजे भरती करणाऱ्या संस्थेचे अधिकृत संकेतस्थळ. सरकारी संकेतस्थळांचा पत्ता सहसा "डॉट गव्ह डॉट इन" किंवा "डॉट निक डॉट इन" असा संपतो. आयबीपीएससारखे अपवाद आहेत. केंद्राच्या जाहिराती 'एम्प्लॉयमेंट न्यूज' या साप्ताहिकात येतात. राज्यातील जिल्ह्यांच्या जाहिराती जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळांवर आणि स्थानिक वृत्तपत्रांत येतात.

टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपचे गट बातमी लवकर पोहोचवतात, पण जाहिरात तिथे वाचू नये. कळल्यावर मूळ संकेतस्थळावर जाऊन पीडीएफ उतरवून घ्यावी. यूपीएससी, एमपीएससी आणि एसएससीवर एकदाची नोंदणी करावी लागते. ती जाहिरात येण्याआधीच पूर्ण केली, तर शेवटच्या दिवशी सर्व्हर अडकण्याचा त्रास वाचतो.

परीक्षांमधला समान भाग

परीक्षा अनेक असल्या तरी अभ्यास प्रत्येकीसाठी शून्यातून करावा लागत नाही. अंकगणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी आणि चालू घडामोडी हा भाग बँक, एसएससी आणि रेल्वे या सगळ्यांत थोड्याफार फरकाने येतो. राज्यातील परीक्षांत त्यात मराठी व्याकरण आणि महाराष्ट्राचा इतिहास-भूगोल यांची भर पडते. इतिहास, राज्यघटना, भूगोल, अर्थशास्त्र हा गाभा यूपीएससी आणि एमपीएससीत सामायिक आहे. म्हणून दोन गट मानता येतात : वेगावर चालणाऱ्या परीक्षा आणि विषयज्ञानावर चालणाऱ्या परीक्षा. एका वेळी एक गट मुख्य धरावा.

चुकीच्या उत्तराची वजाबाकीही सारखी नसते. यूपीएससी आणि रेल्वेत एका चुकीला एक तृतीयांश गुण जातात. एमपीएससी आणि बँकांत एक चतुर्थांश. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर एक तृतीयांश वजाबाकीत सरासरी फायदा शून्य येतो. दोन पर्याय खात्रीने वगळता आले तर मात्र उत्तर देणे फायद्याचे ठरते. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत वजाबाकी नसते, तिथे एकही प्रश्न सोडू नये.

परीक्षा अनेक सत्रांत झाली तर गुणांचे सामान्यीकरण होते. सोप्या आणि अवघड सत्रांतील फरक मिटवण्यासाठीचे हे गणित आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत सामान्यीकरणानंतर २०० पैकी २१४ गुण दिसले आणि त्यावरून मोठा वाद झाला. एकूण गुणांपेक्षा जास्त गुण दिसणे या सूत्रात शक्य असते. म्हणून उत्तरतालिकेवरून काढलेले आपले गुण आणि जाहीर झालेले गुण यांची थेट तुलना करता येत नाही.

स्पर्धा किती आणि किती वर्षे द्यायची?

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. रेल्वेच्या २०१९ च्या एनटीपीसी भरतीत सुमारे ३५ हजार जागांसाठी सव्वा कोटीच्या आसपास अर्ज होते. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेत १,०१६ उमेदवारांची शिफारस झाली. अर्ज करणारे सगळेच तयारीने येत नाहीत, पण तयारीने येणाऱ्यांतलेही बहुसंख्य निवडले जात नाहीत. हे आधी मान्य करून नियोजन करावे लागते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. जागा दरवर्षी सारख्या निघत नाहीत. २०२३ च्या एमपीएससी गट-ब आणि गट-क च्या एका जाहिरातीत ८,१६९ पदे होती आणि त्यांतली ७,०३४ एकट्या लिपिक-टंकलेखकांची होती. एवढी मोठी जाहिरात दरवर्षी येत नाही. तारखाही पुढे जातात. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलल्यावर पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये एमपीएससी आणि आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आल्याने आंदोलन झाले आणि एमपीएससीने आपली परीक्षा पुढे ढकलली.

याचा खर्च फक्त शुल्काचा नसतो. पुण्यातील सदाशिव पेठ, नवी पेठ परिसरात राहून तयारी करायची तर कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिका आणि क्लास असा दरमहा खर्च येतो. तो बहुधा गावाकडची शेती किंवा वडिलांचा पगार उचलतो. शिवाय त्या वर्षांत दुसरीकडे मिळाला असता तो अनुभव मिळत नाही. ३८ वर्षांची वयोमर्यादा ही सवलत आहे. तोवर थांबलेच पाहिजे असा तिचा अर्थ होत नाही.

म्हणून सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवून लिहून ठेवणे चांगले :

• पूर्णवेळ तयारीला किती वर्षे द्यायची. दोन ते तीन वर्षांची मर्यादा अनेकांना पेलते.
• पुढे जाण्याची खूण कोणती. दुसऱ्या प्रयत्नातही पूर्वपरीक्षा निघत नसेल तर पद्धत किंवा परीक्षा बदलायला हवी. मुख्य परीक्षेत थोड्या गुणांनी हुकत असेल तर आणखी एक प्रयत्न रास्त ठरतो.
• दरम्यान कोणती छोटी परीक्षा द्यायची. बँकेत किंवा कर सहायक म्हणून लागून पुढच्या परीक्षा देणारे अनेक आहेत. नोकरीत असताना परीक्षा देण्यासाठी कार्यालयाची परवानगी किंवा ना हरकत प्रमाणपत्र लागते.
• परीक्षा सोडल्यावर काय करायचे. टायपिंग, टॅली, संगणक, बी.एड. किंवा पदव्युत्तर पदवी यांपैकी काही तरी तयारीच्या काळातच पूर्ण करता येते.

घरच्यांशी हे आधी बोललेले बरे. निकालानंतरच्या दडपणाखाली असा निर्णय नीट होत नाही.

कंत्राटी, प्रशिक्षणार्थी आणि कायम

"सरकारी कार्यालयात काम" आणि "सरकारी नोकरी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या योजनांतील पदे बहुतांशी कंत्राटी असतात. बाह्य यंत्रणेमार्फत घेतलेला कर्मचारी कागदोपत्री त्या एजन्सीचा असतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन मिळते. पण ते ठरावीक मुदतीचे प्रशिक्षण आहे, त्यातून कायम नोकरीचा हक्क मिळत नाही. शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील अप्रेंटिसशिपचेही तसेच. अनुभव आणि थोडे उत्पन्न यांसाठी या संधी उपयोगी आहेत. "पुढे कायम करतील" या भरवशावर मात्र वर्षे घालवू नयेत.

फसवणूक कशी ओळखावी?

• नोकरीच्या बदल्यात पैसे मागितले की ती फसवणूक आहे. मंत्रालयातली ओळख, "कोट्यातली जागा", "मागच्या दाराने ऑर्डर" ही नेहमीची भाषा असते. काही लाख रुपये जमीन विकून दिले जातात आणि हाती बनावट नियुक्तिपत्र येते.
• शुल्क फक्त अधिकृत संकेतस्थळावरून भरले जाते. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा क्यूआर कोडवर ते मागितले जात नाही.
• परीक्षा न होता थेट नियुक्ती मिळत नाही. ज्या पदांवर परीक्षा नसते, उदाहरणार्थ दहावीच्या गुणांवरची ग्रामीण डाकसेवक भरती, तिथेही अर्ज आणि गुणवत्ता यादी जाहीर असते.
• मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत.
• "पेपर मिळेल" असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. केंद्राचा सार्वजनिक परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा २१ जून २०२४ पासून लागू आहे. त्यात तीन ते पाच वर्षे कैद, आणि संघटित गुन्ह्यासाठी पाच ते दहा वर्षे कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. पेपर विकत घेणाऱ्या उमेदवाराला आयोग परीक्षांतून बाद करतो, तो फटका वेगळाच.

पैसे दिले गेले असतील तर लाजेने गप्प न बसता पोलिसांत तक्रार करावी. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

मोफत मार्गदर्शन

खासगी क्लासची फी भरण्याआधी सरकारी योजना पाहाव्यात. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-विमुक्त-भटक्यांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय आणि कोणत्याही योजनेत न बसणाऱ्या खुल्या प्रवर्गातील आर्थिक दुर्बलांसाठी अमृत या संस्था प्रशिक्षण किंवा आर्थिक साहाय्य देतात. यूपीएससीसाठी मुंबईत राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था आणि कोल्हापूर, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय पूर्वप्रशिक्षण केंद्रे आहेत. बहुतेक ठिकाणी प्रवेशपरीक्षा असते. गावात राहणाऱ्यांसाठी तालुक्याची अभ्यासिका, आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि शालेय क्रमिक पुस्तके एवढ्यावरही पहिले वर्ष नीट निघते.

निकालात अन्याय झाला तर?

परीक्षेनंतर प्राथमिक उत्तरतालिका येते आणि हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. हरकत पुराव्यासह आणि मुदतीतच नोंदवावी लागते. निवडप्रक्रियेतील माहिती माहिती अधिकारात मागता येते. राज्याच्या भरतीविरुद्ध दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये मागता येते. त्याची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. केंद्राच्या भरतीसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. अर्जाची छापील प्रत, शुल्काची पावती आणि प्रवेशपत्र नियुक्ती होईपर्यंत जपून ठेवावे, कारण दाद मागताना हेच पुरावे लागतात.

शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यासाठी वर्षभराची यादी

• जून-जुलै : वय, उंची, पदवी आणि प्रवर्ग यांनुसार पात्र असलेल्या परीक्षांची यादी. त्यांतून एक मुख्य आणि एक पूरक परीक्षा निवडणे.
• ऑगस्ट-सप्टेंबर : आयोगांच्या संकेतस्थळांवर नोंदणी, आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव जुळवणे, टायपिंग सुरू करणे.
• ऑक्टोबर-डिसेंबर : मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवणे. आपण कुठे कमी पडतो हे क्लास लावण्याआधी कळते.
• जानेवारी-मार्च : अंतिम वर्षाला चालणाऱ्या परीक्षांचे अर्ज. विद्यापीठाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष नको. एक विषय राहिला तर पुढचे वर्ष जाते.
• एप्रिल-मे : नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, डोमिसाइल, केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला.
• निकालानंतर : तात्पुरते पदवी प्रमाणपत्र लगेच घेणे आणि पदवी पूर्ण लागणाऱ्या बँक, एसएससी, रेल्वेच्या परीक्षांना अर्ज करणे.

या यादीतील बहुतेक कामांना पैसे लागत नाहीत, फक्त ती वेळेत करावी लागतात. पदवी हातात येईल तेव्हा कागदपत्रे पूर्ण असतील आणि कोणत्या परीक्षेला किती वर्षे द्यायची हे ठरलेले असेल, तर उरतो तो अभ्यास.